माथेरानची ई-रिक्षा आणि शनिवार-रविवारचा निवांतपणा

दस्तुरीकर
काल एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "माथेरानला ई-रिक्षा आल्या, म्हणजे तिथेही घाई शिरली. एवढं एक ठिकाण तरी सावकाश राहू द्यायचं होतं." खाली बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं, म्हणून हा धागा.

अहो, कुणाचं सावकाश? तुम्ही शनिवारी येता, दस्तुरीला, म्हणजे जिथून पुढे गाड्यांना बंदी आहे तिथे, गाडी लावता, फोटो काढत बाजारापर्यंत रमतगमत चालता आणि रविवारी संध्याकाळी एक्सप्रेसवेवर हॉर्न वाजवत परत. आम्ही वर्षभर इथे राहतो. २०१९ च्या जुलैत आईला ताप चढला, गुडघे आधीच गेलेले. खाली न्यायला हातरिक्षा केली. पुढे एक जण, मागे दोघे, तिघांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद. उतारावर पुढच्याचा पाय लाल चिखलात सटकला. गुडघ्यावर आला, पण दांडी सोडली नाही त्याने. आई आतून "थांब रे बाबा, मी उतरते" म्हणत रडत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं ते उगाच नाही.

झुकझुकगाडी
हातरिक्षा बंद व्हायलाच हव्यात, कोण नाही म्हणतंय? पण म्हणून सगळाच सावकाशपणा गुन्हा का? नेरळहून वर येणारी गाडी १९०७ पासून २१ किलोमीटरला दोन तासांच्या वर घेते. जुम्मापट्टीला थांबते, वॉटर पाइपला थांबते, वळणावर स्वतःचंच शेपूट दिसतं. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मोबाइल खिशात टाकला तो त्या डब्यात. आज ई-रिक्षा, उद्या टॅक्सी थेट बाजारात. मग माथेरान आणि लोणावळ्यात फरक काय?

दस्तुरीकर
मोबाइल खिशात गेला कारण रेंज गेली. आणि ती तुमची गाडी पावसाळ्यात नेरळहून निघतच नाही, दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत नुसती शटल असते. आजारी माणसाने दिवाळीपर्यंत दम धरायचा का?

टापटाप
रिक्षा राहू द्या हो बाजूला, रस्त्यावर मातीच्या जागी बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचं बोला कुणीतरी. आमचे घोडे आहेत, तीन पिढ्या. मातीवर नाल रुतते, पेव्हरवर शेवाळ धरलं की सटकते. मागच्या श्रावणात आमची घोडी बसली ती बसलीच. पर्यटकाला खरचटलं तर बातमी होते, जनावराचा पाय गेला तर कोण विचारतो?

लालमाती
@टापटाप, घोडीचं वाईट वाटलं. पण दर पावसात ती माती दरीत जाते, झाडांची मुळं हातभर उघडी पडलीत, ते दिसत नाही? आणि मार्चमध्ये तुमच्या लिदीचा धुरळा आम्ही नाकाने खातो, त्याचा हिशेब कोण देणार?

टापटाप
धुरळा नको तर घाटकोपरला राहा. माती पाण्याने जाते, घोड्याने नाही. गटारं नीट काढा आधी. ब्लॉकमध्ये कुणाचं भलं होतं ते लहान पोराला विचारा.

लालमाती
नावं घ्यायची हिंमत नसेल तर टोमणे मारू नका. मी इथलीच आहे, घाटकोपर तुम्हाला लखलाभ.

विरारफास्ट
धागा घोड्यावर बसून गेला. मी रोज दाराला लटकून दोन तास काढतो, मलाही वर्षातून दोन दिवस जिथे कुणी 'चला चला' म्हणत नाही असं ठिकाण हवं असतं. त्यात पाप काय?

दस्तुरीकर
पाप काही नाही. खुशाल चाला की, रिक्षात बसायची सक्ती नाही. पण आमच्या शाळेतल्या पोरांनी पाठीवर दप्तर घेऊन पावसात तेवढंच चालायचं, ते तुमच्या दोन दिवसांसाठी?

झुकझुकगाडी
बरं, शाळेची पोरं आणि आजारी माणसं, मान्य. महान आहात तुम्ही, जिंकलात. पण मग रिक्षा त्यांच्यासाठीच ठेवा, हॉटेलच्या बॅगांसाठी नको.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, २००४ मध्ये लग्नानंतर आम्हीही हातरिक्षात बसलो होतो. हौस. फोटो आहे अजून. परवा काढून पाहिला. आम्ही दोघं, छत्री, मागे धुकं. ओढणाऱ्याचे फक्त हात आलेत त्यात.

दस्तुरीकर
बॅगांचं म्हणाल तर बरोबर आहे तुमचं. सुट्टीच्या दिवशी रांगेत आम्ही मागे आणि बॅगा पुढे असतात.

टापटाप
बॅगा घोड्यावर द्या. पण आधी ते शेवाळ काढा.