ऑफिसच्या मॉनिटरवर 'घ' आणि 'ध' एकच दिसतात

*सी-१०१ काका, रा. ८:५२*
सेक्रेटरीसाहेब, पावती घ्यायला ऑफिसात गेलो होतो. सोसायटीच्या पैशातून १७,४०० चा मॉनिटर आणलात आणि त्यावर 'घ' कुठला, 'ध' कुठला कळत नाही. 'थकबाकी'च्या डोक्यावर एकाऐवजी दोन रेघा. माझे डोळे तपासून झालेत, तो विषय कोणी काढू नये.

*बी-५०१, ८:५५*
तीन कोटेशन घेतली होती का? सीसीटीव्हीच्या वेळीही विचारलं होतं.

*सेक्रेटरी, ८:५८*
नमस्कार काका. कोटेशन फाइलमध्ये आहेत, ऑफिस १० ते १ उघडं असतं. मॉनिटरचं उद्या बघतो.

*ए-२०३, ८:५९*
टँकर आला का? आमच्याकडे नळाला थेंब नाही.

*सी-१०१ काका, ९:०१*
बघतो नाही, परत करा. ७ दिवसांची मुदत असते.

*बी-३०४, ९:०४*
केबल बदला. सोन्याचा मुलामा असलेली घ्या, १,२०० ला मिळते. लगेच फरक पडतो.

*ए-६०२ ताई, ९:१०*
एचडीएमआय केबल खराब असली तर ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं, नाहीतर पडदा काळा होतो. अक्षर धूसर होत नाही. तो प्रकार जुन्या निळ्या प्लगच्या व्हीजीएचा, तिथे सिग्नल अॅनालॉग असतो. १,२०० वाचवा.

आधी दोष कुठे आहे ते ठरवू. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूतली अक्षरं धारदार असतील तर पॅनल ठणठणीत आहे, येणारा सिग्नल चुकतोय. मग त्याच पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि लॅपटॉपवर १०० टक्के झूमवर बघा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर अक्षर काढण्यात चूक नाही, गडबड चित्र बाहेर पाठवण्यापासून मॉनिटरपर्यंतच्या वाटेत. स्क्रीनशॉटही धूसर असेल तर विंडोज किंवा तो प्रोग्रॅमच अक्षर ताणतोय. दोन मिनिटांचं काम आहे. निकाल आला की बोलू.

*बी-३०४, ९:१२*
मी फक्त सुचवलं. 🙏

*सी-१०१ काका, ९:१३*
७ दिवसांची मुदत असते.

*सी-७०१, ९:२०*
मॉनिटर २७ इंची आहे ना? २७ इंचाला १९२०×१०८० घेतला असेल तर तो असाच दिसणार. इंचाला जेमतेम ८२ ठिपके पडतात. तेच रिझोल्यूशन २४ इंचावर ९२ आणि १५.६ इंची लॅपटॉपवर १४१. खरेदीआधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

*सेक्रेटरी, ९:२३*
खरेदीआधी याच ग्रुपवर विचारलं होतं. तेव्हा सर्वांनी अंगठे दिले. मॉनिटर २५६०×१४४० चा आहे, खोक्यावर लिहिलंय.

*सी-७०१, ९:२४*
मग १०९ ठिपके. २७ इंचाला अगदी योग्य. घेतलेलं बरोबर आहे, लावलेलं चुकलंय.

*बी-५०१, ९:२५*
कोटेशनचा मुद्दा राहिलाच.

*ए-२०३, ९:२६*
आणि टँकरचा.

*मॅनेजर (ऑफिस), स. १०:१८*
नमस्कार. मॉनिटरचा मेनू एकदम क्लिअर दिसतो. मेनूत 'इनपुट १९२०×१०८०, ६० हर्ट्झ' लिहून येतं. स्क्रीनशॉट लॅपटॉपवर स्वच्छ दिसला.

*ए-६०२ ताई, १०:२४*
मग मॉनिटर निर्दोष सुटला. २५६० रुंदीच्या काचेवर १९२० चं चित्र येतंय, म्हणजे तीन ठिपक्यांचा मजकूर चार ठिपक्यांत ताणला जातोय. एक ठिपका जाडीची रेघ १.३३ ठिपके होते. काचेवर अपुरा ठिपका नसतो, म्हणून एक ओळ काळी आणि शेजारची राखाडी. काकांना 'थकबाकी'वर दिसलेल्या दोन रेघा त्याच. देवनागरीत प्रत्येक शब्दाला वरची आडवी रेघ, त्यामुळे आपल्याला इंग्रजीपेक्षा आधी जाणवतं. 'ध'च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि 'घ'ची सलग, मुख्य फरक तोच, आणि तोच पुसला जातो. 'भ' आणि 'म'चंही तेच होत असणार.

विंडोजचं बटण आणि पी दाबा. 'डुप्लिकेट'वर असेल तर 'एक्सटेंड' करा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन मिळतं आणि मोठ्याला तडजोड करावी लागते.

*सी-१०१ काका, १०:२६*
रेघा मला बरोबर दिसल्या होत्या, याची नोंद घ्यावी.

*मॅनेजर (ऑफिस), १०:३१*
डुप्लिकेटवरच होतं. एक्सटेंड केलं. पण मॉनिटरच्या यादीत सगळ्यात वर १९२०×१०८० आहे, पुढे रेकमेंडेड लिहिलंय. २५६० यादीतच नाही.

*सी-७०१, १०:३३*
ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल.

*ए-६०२ ताई, १०:३४*
असू शकेल, पण आधी सांगा, लॅपटॉप आणि मॉनिटरच्या मध्ये काय काय आहे? थेट केबल आहे का?

*मॅनेजर (ऑफिस), १०:३९*
मध्ये एक काळी डबी आहे. लाल दिवा. एक वायर मॉनिटरला, एक वर प्रोजेक्टरला जाते.

*सी-७०१, १०:४०*
सापडला. स्प्लिटर.

*ए-६०२ ताई, १०:४७*
प्रत्येक पडद्यात त्याचं ओळखपत्र असतं, ईडीआयडी म्हणतात. 'मी अमुक रिझोल्यूशन घेऊ शकतो' ते त्यात लिहिलेलं असतं आणि लॅपटॉप तेवढीच यादी दाखवतो. स्प्लिटर दोन्ही पडद्यांना एकच सिग्नल देतो. म्हणून बरेच स्प्लिटर कमी क्षमतेच्या पडद्याचं, नाहीतर पहिल्या पोर्टवरच्या पडद्याचं ओळखपत्र पुढे करतात. आपला प्रोजेक्टर १०८० पर्यंतच घेतो. तो बंद असला तरी फरक पडत नाही, ओळखपत्राच्या चिपला केबलमधूनच ५ व्होल्ट मिळतात. लॅपटॉपला वाटतंय समोर प्रोजेक्टरच आहे.

डबी काढा, केबल थेट मॉनिटरला लावा. केबल जुनीच चालेल. २५६०×१४४० ला ६० हर्ट्झवर साधारण २४२ मेगाहर्ट्झ लागतात आणि एचडीएमआय १.४ ची झेप ३४० पर्यंत असते.

*बी-४०४ (सांस्कृतिक), १०:५०*
एक मिनिट. स्प्लिटर सांस्कृतिक समितीचा आहे. गणपतीत आणि एजीएमला प्रोजेक्टरसाठी लावला होता. परस्पर काढू नये.

*बी-५०१, १०:५१*
त्याचं बिल कुठल्या खात्यात आहे?

*बी-४०४ (सांस्कृतिक), १०:५१*
वर्गणीतून. ६५० रुपये. हिशेब नोटीस बोर्डावर लावला होता, वाचायची सवय हवी.

*सी-१०१ काका, १०:५२*
गणपती होऊन किती महिने झाले? डबी तिथेच? मुदत ७ दिवसांची असते.

*ए-१०५ भाडेकरू, १०:५८*
विषय निघालाच आहे तर विचारतो. लॅपटॉपला ४३ इंची फोर-के टीव्ही जोडलाय. काळी अक्षरं बरी दिसतात, पण एक्सेलमध्ये निळ्यावर लाल मजकूर फासल्यासारखा होतो. खाली टास्कबारही अर्धा कापला जातो.

*बी-३०४, १०:५९*
४३ इंच! ऑफिसचं काम की मॅच?

*सी-७०१, ११:०६*
दोन वेगळे आजार आहेत. टास्कबार कापला जातो ते ओव्हरस्कॅनमुळे. जुन्या प्रक्षेपणाच्या कडा लपवायला टीव्ही चित्र किंचित मोठं करतो. चित्राच्या मापात 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' असं काही असेल, ते निवडा. त्या एचडीएमआय पोर्टचं नाव टीव्हीत 'पीसी' ठेवा. बऱ्याच टीव्हींवर त्याने शार्पनेसचे खेळही थांबतात. नाही थांबले तर शार्पनेस हाताने खाली आणा, अक्षरांभोवतीची पांढरी कडा जाईपर्यंत.

लाल मजकूर फासतो ते ४:२:० मुळे. त्यात उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते, पण रंगाची चार ठिपक्यांमागे एकदाच. सिनेमात कळत नाही, बारीक रंगीत अक्षरात लगेच कळतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट कलर फॉरमॅट 'आरजीबी' आणि रेंज 'फुल' करा. आरजीबी दिसतच नसेल तर टीव्हीचा पोर्ट जुन्या मोडमध्ये आहे. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'डीप कलर', ते त्या पोर्टला चालू करा. मध्ये यूएसबी-सी हब असेल तर त्यावरचं 'फोर-के' बारकाईने वाचा, पुढे बऱ्याचदा ३० हर्ट्झ लिहिलेलं असतं. माउस अडखळतो तो त्यामुळे.

*ए-१०५ भाडेकरू, ११:०८*
माउस अडखळतो हे मी सांगितलंच नव्हतं! हबच आहे.

*बी-३०४, ११:०९*
सी-७०१ यांना ज्योतिष कार्यालय उघडून द्या, क्लब हाऊस रिकामंच आहे.

*डी-२०२, ११:१४*
आमच्या मॅकला असले प्रश्न येत नाहीत.

*ए-६०२ ताई, ११:१६*
मॅकच्या स्वतःच्या पडद्यावर येत नाहीत. हाच १०९ ठिपक्यांचा मॉनिटर मॅकला लावून बघा. २०१८ च्या मोहावी या मॅकच्या आवृत्तीपासून अॅपलने अक्षराची कड गुळगुळीत करायला प्रत्येक ठिपक्यातले लाल-हिरवा-निळा असे उपठिपके वापरणं बंद केलं. त्यामुळे अशा मॉनिटरवर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा मऊच दिसतात. २७ इंचाला फोर-के, म्हणजे इंचाला १६३, घेतलात तर सुटेल.

*डी-२०२, ११:१७*
हा मेसेज डिलीट केला गेला आहे

*मॅनेजर (ऑफिस), ११:४०*
सेक्रेटरीसाहेबांना विचारून डबी काढली. यादीत २५६०×१४४० आलं, रेकमेंडेड. अक्षरं चकाचक. फक्त बिलिंगचा प्रोग्रॅम अजून धूसर आहे. ब्राउझर, एक्सेल सगळं ठीक.

*ए-६०२ ताई, ११:४९*
आता त्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट घेतलात तर तोही धूसर येईल, कारण हा दोष विंडोजच्या आतला आहे. लॅपटॉपचा पडदा १५० टक्के स्केलवर (म्हणजे सगळं दीडपट मोठं) असेल आणि मॉनिटर १०० वर. जुने प्रोग्रॅम लॉगिन करताना मुख्य पडद्याचं स्केल एकदाच विचारून घेतात आणि सगळीकडे त्याच मापात काढतात. मॉनिटरवर नेल्यावर विंडोज ते चित्र दाबून १०० ला बसवतं. दाबलेलं चित्र धूसरच दिसणार.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. वर मॉनिटरचा चौकोन निवडा, 'मल्टिपल डिस्प्लेज'मध्ये 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'वर टिक करा. मग साइन आउट करून परत या. हे विसरलात तर काहीच बदलणार नाही.

तरीही राहिलं तर प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. सगळ्यात खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात टिक आणि 'अॅप्लिकेशन' निवडा. त्याने बटणं वेडीवाकडी झाली तर 'सिस्टिम एन्हान्स्ड'. आणि 'कस्टम स्केलिंग'मध्ये ११० वगैरे आकडा टाकू नका, तो दोन्ही पडद्यांना लागतो आणि चांगलं चाललेलंही बिघडतं.

*बी-३०४, ११:५०*
क्लिअरटाइप राहिलं की.

*ए-६०२ ताई, ११:५२*
हो, ते मात्र तुमचं बरोबर. अक्षरांच्या कडा सुधारायची ती विंडोजची सोय. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' टाइप करा, पाच नमुने येतात, मॉनिटर समोर ठेवून निवडा. पण ते शेवटी. रिझोल्यूशन चुकलेलं असताना क्लिअरटाइप लावणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं.

*ए-२०३, ११:५३*
टाकीचं नाव काढलंच आहे तर, टँकर?

*सेक्रेटरी, ११:५५*
टँकर १ वाजेपर्यंत. ग्रुपवर कृपया एका वेळी एकच विषय.

*मॅनेजर (ऑफिस), दु. १२:२०*
मेन डिस्प्ले केला, साइन आउट केलं. बिलिंग पण क्लिअर. काकांची पावती नीट वाचता येते. थकबाकी २,३४०.

*सी-१०१ काका, १२:२२*
ती थकबाकी चुकीची आहे. मार्चचा चेक दिलेला आहे. वैयक्तिक आकडे ग्रुपवर टाकू नयेत.

*बी-५०१, १२:२३*
मॉनिटरच्या कोटेशनचे फोटो टाकता येतील का? आता स्क्रीनवर स्पष्ट दिसतीलच.

*बी-४०४ (सांस्कृतिक), १२:३०*
शनिवारी हळदीकुंकवाला प्रोजेक्टर लागणार आहे. स्प्लिटर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होता तिथे परत लावून ठेवावा.

*ए-६०२ ताई, १२:३१*
प्रोजेक्टरला थेट वायर लावा. स्प्लिटर नको.

*बी-४०४ (सांस्कृतिक), १२:३२*
वायर ऑफिसच्या टेबलापर्यंत पोचत नाही. म्हणूनच तर घेतला होता.

*सी-७०१, १२:३४*
तो घेतल्याने वायर लांब होत नाही हो.