शेजाऱ्यांचा पाळीव कुत्रा आईला चावला: उपचार आणि तक्रारीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. परवा संध्याकाळी आई देवळातून आली आणि खाली लिफ्टची वाट बघत उभी होती. दार उघडलं आणि तिसऱ्या मजल्यावरचा जर्मन शेफर्ड थेट तिच्या अंगावर आला. गळ्यात पट्टा नव्हता, मालक मागे फोनवर बोलत होते. पोटरीत दात खोल रुतलेत, बाजूची कातडीही फाटली आहे. आई सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यात मधुमेह.

शेजारच्या काकू हळद घेऊन धावत आल्या होत्या, पण आम्ही आधी जखम साबण लावून नळाच्या धारेखाली धुतली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लशीचा पहिला डोस मिळाला. कुत्रा पाळीव आहे, लस दिलेली असणार, तेव्हा एवढं पुरे असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र चैन नाही. मालकांकडे लसीकरणाचं कार्ड मागितलं तर "सगळं वेळेवर झालंय" एवढंच उत्तर मिळतं.

त्यांचं म्हणणं असं की आई ओरडली म्हणून तो बिथरला. एवढा मोठा कुत्रा अंगावर आल्यावर माणसाने ओरडूही नये का? दिवाळीत याच कुत्र्याने वॉचमनची पँट फाडली होती, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. आता बिल देतो म्हणतात, पण "तक्रार नाही" असं लिहून हवं आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन परत पाठवलं. सेक्रेटरी म्हणतात हा तुमचा आपसातला विषय, तर चेअरमन निघालेत सोसायटीत कुत्रेबंदीचा ठराव करायला. ते मला मुळीच नको आहे. ब विंगमधल्या गरीब कुत्र्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? मला फक्त आई पुन्हा न घाबरता खाली उतरायला हवी आहे.

तर, आईला आणखी काही उपचार लागतील का? एनसीच्या पुढे काय करता येतं? आणि बंदी न घालता सोसायटी काय करू शकते? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. कातडी फाटून रक्त आलं म्हणजे जखम तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीची. तिथे लशीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) टोचावंच लागतं. लशीचा परिणाम व्हायला दिवस जातात, तोवरचं संरक्षण त्यातून मिळतं. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण उद्यावर टाकू नका. जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून साठा आहे का विचारा. टाके घालायची घाई करू देऊ नका. दंडात लस घेत असाल तर पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून पुढचे डोस ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देत असतील तर १४ व्या दिवसाचा नसतो. मधुमेह आहे हे आवर्जून सांगा, जखम चिघळू शकते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला मालकांना सांगा, मात्र त्यासाठी आईचे उपचार थांबवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून एवढं बजावून सांगतेय.

प्रतिसाद २
वकिली करतो. प्राणी बाळगताना निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो, त्यामुळे एनसीवर समाधान मानू नका. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर उपायुक्तांकडे जा. वरळीत २०१८ मध्ये एका पाळीव कुत्र्याने लिफ्टमध्ये शेजाऱ्याचा चावा घेतला होता, त्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची कैद दिली. एवढी वर्षं लागतात, म्हणून पुरावा आत्ताच गोळा करा. लॉबीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी सेक्रेटरींकडे लेखी मागा. केसपेपरवर "पाळीव कुत्रा चावला" असं लिहून घ्या. वॉचमनचा जबाब सर्वांत मोलाचा, कारण कुत्रा अंगावर जातो हे मालकांना आधीपासून ठाऊक होतं हे त्यातून दिसतं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही करता येतो. बिलाचे पैसे पावतीवर घ्या, दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही नको.

प्रतिसाद ३
माझ्याकडे दोन कुत्रे आहेत आणि मला तुमच्या शेजाऱ्यांचा राग आला. चेअरमनना सांगा, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. सामाईक जागेत पट्टा लावा असं सांगता येतं. तोंडाला मुसकं बांधायची सक्ती करता येत नाही, पण चावलेल्या कुत्र्याच्या मालकाने ते आपणहून बांधावं. जाळीचं, तोंड उघडून धापता येईल असं घ्यावं. महापालिकेचा परवानाही तपासा, त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. जिल्हा रुग्णालयात फोन केला, इम्युनोग्लोब्युलिन आहे म्हणाले. आत्ता आईला घेऊन निघतेय, येताना अर्ज देऊन येईन. कुत्रेवाल्या दादांना एक विचारायचं आहे: मोठ्या वयाच्या कुत्र्याला मुसक्याची सवय लागते का, आणि ती कशी लावायची? मालकांशी बोलताना "हे जमणार नाही" असं उत्तर येणार, तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीतरी हवं.