ठाण्यातील लहान गाळ्यासाठी जुने टेबल सॉ : कोणते घ्यावे?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये माझा सुमारे ३०० चौरस फुटांचा गाळा असून तिथे मुख्यतः सनमायका लावलेल्या प्लायची कपाटे आणि अधूनमधून सागवानी टेबले तयार होतात. जुने टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या चकतीने लाकूड चिरणारे यंत्र, घेण्याचा विचार आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यातील १२ इंची चकतीचे, सरकत्या टेबलाचे थ्री फेज यंत्र आणि १० इंची चकतीचे, सिंगल फेजवर चालणारे लहान यंत्र, अशी दोन यंत्रे नजरेत आहेत. किमतीत फारसा फरक नाही. माझ्या गाळ्यात सध्या सिंगल फेजच आहे. कोणते घ्यावे?

प्रतिसाद १ :
सनमायकाचे काम जास्त असेल, तर रबाळ्याच्या यंत्राला मुख्य चकतीच्या पुढे उलट दिशेने फिरणारी छोटी स्कोअरिंग चकती आहे का, हे आधी विचारा. ती खालच्या बाजूची सनमायका आधीच चिरून ठेवते, त्यामुळे कडेचे टवके उडत नाहीत. ती असेल आणि चालू असेल, तर माझे मत त्याच यंत्राला आहे. मात्र ८ फुटी प्लाय उभा चिरताना चकतीच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येकी ८ फूट मोकळे लागतात, तेव्हा गाळा मोजूनच शब्द द्या.

प्रतिसाद २ :
रंग आणि मोटारीचा आवाज यांवर जाऊ नये. यंत्राची खरी परीक्षा चकती फिरवणाऱ्या शाफ्टवर होते. वीज बंद करून चकती काढावी, शाफ्ट हाताने वरखाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते पाहावे आणि मग फ्लँजच्या (चकती ज्यावर टेकते त्या गोल कडीच्या) कडेला डायल गेज हे सूक्ष्म हालचाल मोजणारे मापयंत्र लावून शाफ्ट सावकाश फिरवावा. ७५ मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजवर ०.०५ मिलिमीटरचा डोल असेल, तर ३०० मिलिमीटरच्या चकतीच्या कडेला तो चौपट, म्हणजे ०.२ मिलिमीटर होतो. मग चकती कितीही चांगली आणा, काप खरखरीतच येणार. त्यानंतर चकती बसवून एका दाताला खडूने खूण करावी आणि तोच दात पुढे व मागे आणून टेबलावरील खाचेपासूनचे अंतर मोजावे. ते सारखे असले पाहिजे. फेन्स (लाकूड ज्याला टेकवून सरकवतात ती पट्टी) मागच्या बाजूला चकतीकडे झुकलेले असेल, तर लाकूड अडकून अंगावर फेकले जाते. चिरलेले लाकूड चकतीवर आवळू न देणारी, चकतीमागची रायव्हिंग नाइफ ही पोलादी पट्टी विक्रेत्याने काढून टाकली असल्यास ती बसवून मिळेपर्यंत व्यवहार थांबवावा. आपल्याकडच्या पावसात ओतीव टेबलावर तांबेरा येतोच. तो घासून जातो, खड्डे मात्र जात नाहीत.

धागाकर्ता :
आभारी आहे. स्कोअरिंग चकती आहे आणि जागाही बसते. अडचण विजेचीच. सिंगल फेजवरून व्हीएफडी, म्हणजे थ्री फेज वीज तयार करून मोटार चालवणारे उपकरण, लावून रबाळ्याचे यंत्र चालेल का?

प्रतिसाद २ :
मोटारीवरची पाटी वाचा. २३० व्होल्ट डेल्टा आणि ४१५ व्होल्ट स्टार अशी मोटारीच्या वेटोळ्यांची दोन्ही जोडणी दिली असेल, तर डेल्टा करून योग्य क्षमतेच्या व्हीएफडीवर चालेल. केवळ ४१५ व्होल्ट डेल्टा असेल, तर २३० व्होल्टवर पूर्ण ताकद मिळणार नाही आणि जाड सागवान चिरताना मोटार दमेल. तसे असल्यास महावितरणकडे थ्री फेजसाठी अर्ज करावा, आणि जोडणी मंजूर होईपर्यंत विक्रेत्याला केवळ विसार द्यावा.