पारधी म्हणजे चोर, हे आपल्याला सांगितलं कुणी?

माळावरचा (धागाकर्ता)

विहिरीवरची मोटर गेली की पोलिसांची पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. मोटर पुढे कुणाकडे सापडली याची चर्चा होत नाही, पण पालावरून दोघांना उचललं हे गावाच्या पक्कं लक्षात राहतं. पुढच्या चोरीला तोच पुरावा.

ही समजूत अनुभवातून आली असं आपण धरून चालतो. मला वाटतं ती आधी कागदावर आली. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मालाच गुन्हा ठरवणारा कायदा: पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत केली होती, त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांसाठीचे राज्यांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. या सगळ्या काळात वह्या पोलिसांच्या आणि किस्से बागायतदारांचे. पारध्याला विचारलं कुणी?

विचारलं तर साध्या गोष्टी कळतात. फासेपारधी तितर-लाव्हे धरायचा. तितर पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला निघतो, म्हणून फासे लावणारा त्याच वेळी बांधावरून वाकून चालणार. खळ्यावर झोपलेल्या माणसाला तो कसा दिसला असेल? पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद झाली. कायदा गरजेचा होता, त्यावर वाद नाही. पण हातातला धंदा गेला आणि बदल्यात जमिनीचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

माझी सूचना एवढीच: ग्रामसभेत पालावरच्या माणसांना बोलवा आणि मधे न तोडता बोलू द्या.

कांदाचाळ

लेख छान. आता आमचं ऐका. आमच्या तालुक्यात शेतवस्तीवर दरोडा पडला, म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं, कानाची पाळी तुटली. आरोपी त्याच समाजाचे निघाले, कोर्टात शिक्षाही झाली. गावापासून दोन किलोमीटरवर, लोडशेडिंगमधे, बायकापोरं घेऊन राहणारा माणूस आधी ऐकून घेईल की दाराला कडी लावेल?

माळावरचा

कडी लावाच की. शिक्षा झाली तीही बरोबर. पण आरोपी चार असतील तर वस्ती चाळीस घरांची असते. पतसंस्था बुडवणाऱ्या चेअरमनच्या भावकीला कुणी रात्री बाराला ठाण्यात नेऊन बसवत नाही.

कांदाचाळ

चेअरमन रात्री कुऱ्हाड घेऊन येत नाही हो.

तारीख_पे_तारीख

दोघंही मुद्दा सोडून बोलताय. ऐकण्याने पूर्वग्रह जातात हा सुशिक्षितांचा आवडता समज आहे. राइनपाडा आठवा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तिथे ‘आधी ऐकून घेऊ’ म्हणायला कोण उभं राहणार होतं? जमावाला कान नसतात. तिथे वेळेवर पोहोचणारा पोलीस लागतो आणि नंतर चालणारा खटला.

बदल वरून येतो. सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवरचा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, त्यात विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्यांना, जन्मजात गुन्हेगार मानण्याचा मुद्दाही होता. तो निकाल पारावर बसून गप्पा मारल्याने आला नाही.

वाटसरू

कोर्टात युक्तिवाद ऐकूनच निकाल देतात ना? असो, हा वकिली चिमटा.

राइनपाड्याबद्दल मात्र वेगळं म्हणायचंय. आमच्या आजीला दारात आलेला माणूस आवाजावरून कळायचा. वासुदेव, डवरी, नंदीबैलवाला, पिंगळा. ती त्याला बसवून कुठून आला, पुढचा मुक्काम कुठे, हे विचारायची. आता गेटवर ‘भिकारी व फेरीवाल्यांना मनाई’ अशी पाटी आणि दारात कॅमेरा. सगळ्या फिरस्त्यांचा मिळून एकच चेहरा उरलाय, संशयिताचा. जमाव जमल्यावर कान नसतात हे खरंच, पण जमाव जमायच्या आधीची वीस वर्षं असतात त्यांचं काय?

तारीख_पे_तारीख

आजी विचारपूस करायची, पण पसाभर धान्य उंबऱ्याबाहेरच द्यायची. जुन्या काळाला एवढे गुण देऊ नका.

पालावरची

सगळं वाचलं. मी पारधी आहे, डी.एड. झालेय.

आमचं ऐकायला लोक येत नाहीत असं कुणी सांगितलं? भरपूर येतात. पीएचडीवाले, चॅनेलवाले, संस्थांवाले. आजीपुढे मोबाईल धरतात. पहिला प्रश्न चोऱ्या कशा करायचात, दुसरा पंच बायकांना उकळत्या तेलातून नाणं काढायला लावतात ते खरं का. आजी सांगते, ते डोळे मोठे करून ऐकतात आणि जातात. त्यांना हवं तेवढंच ऐकून जातात.

जातीच्या दाखल्याचं विचारणारा एकही भेटला नाही. आमची जमात अनुसूचित, म्हणून १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नाहीत, सातबारा नव्हता. त्यांचं नाव सरकारदरबारी असलं तर पोलिसांच्या हजेरीच्या वहीत. गुन्हेगार ठरवायला ती वही चालली, दाखल्याला मात्र चालत नाही.

कांदाचाळ

ताई, हे माहीत नव्हतं. पण जातपंचायतीच्या पंचांचंही बोला. आमच्या गावच्या पालावर पंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. तेलातलं नाणं खोटं आहे का? बायकांच्या चारित्र्याचा न्याय असा होतो तेव्हा आम्ही कुणाचं ऐकायचं?

पालावरची

खोटं नाही. त्याविरुद्ध आमच्याच बायका बोलतात आणि मारही त्याच खातात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, पण तक्रार द्यायला ठाण्यात गेलं की ठाणेदार पंचांनाच बोलावतो, ‘तुमचं तुम्ही मिटवा’ म्हणतो. मराठा-माळ्याच्या घरात सुनेला जाळलं तर तुम्ही त्या घराला गुन्हेगार म्हणता. आमच्याकडे झालं की जमातीला.

माळावरचा

या मुद्द्यावर माझी ग्रामसभेची सूचना अजून घट्ट करतो. पालावरून एकाच माणसाला बोलवून थांबायचं नाही. पंच वगळून बायकांना बोलवायचं, आणि शक्यतो बाईनेच त्यांच्याशी बोलायचं. मुलं शाळेत का टिकत नाहीत, रेशनकार्ड किती जणांकडे आहे, पाणी कुठून आणता, हे विचारायचं. चोरीचा विषय त्यांनी काढला तरच.

तारीख_पे_तारीख

ग्रामसभेत मतदार यादीत नाव असलेला बसतो. पालावर नावं आहेत का? नसतील तर तुमचा कार्यक्रम तहसील कचेरीतून सुरू होतो, सतरंजीवरून नाही.

पालावरची

माझं नाव आहे. मागच्या सभेला गेले होते. पालावर हातपंप द्या, एवढाच विषय होता. शेवटी घेऊ म्हणाले. तोवर माणसं उठून गेली.

कांदाचाळ

विषय आयत्या वेळचा असेल तर आमच्याकडेही असंच करतात, जात बघून नाही. १५ ऑगस्टच्या सभेच्या आधी लेखी अर्ज द्या. ग्रामसेवकाला विषयपत्रिकेत घ्यावा लागतो.

पालावरची

लेखीच दिला होता. पोच दिली नाही.