मागचं क्राउन-पिनियन गेलं, वेगळ्या रेशोची जोडी बसवू का?

जावळीकर
नमस्कार मंडळी. वडिलांनी १९९७ साली घेतलेली फोर बाय फोर पिकअप आहे. पुढेमागे पाटे, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारी कुलपं). सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या वर आमचं शेत आहे, पावसाळ्यात भात आणि थंडीत स्ट्रॉबेरी. पावसाचे चार महिने शेवटचा दीड किलोमीटर फोर बाय फोर लावल्याशिवाय चढत नाही.

महिनाभर मागून घुंई असा आवाज येतोय. चाळीसच्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, पाय काढला की जातो. केळघर घाट चढताना शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. परवा मागच्या अ‍ॅक्सलचा खालचा बोल्ट काढला तर ऑइल दुधाच्या चहासारखं आलं आणि त्यात तांदळाच्या कणीएवढा दाताचा तुकडा सापडला. झाकण खोललं, पिनियनच्या (शाफ्टच्या टोकाचा छोटा गियर, तो क्राउन म्हणजे मोठा गियर फिरवतो) तीन दातांचे पोपडे निघालेत.

आता अडचण अशी. जुन्या जोडीचे दात मोजले, क्राउन ३९ आणि पिनियन ८. पुण्यात जुन्या बाजारात मिळतेय ती ४७ आणि ११ ची, चांगल्या अवस्थेत. आमचे मिस्त्री म्हणतात हीच टाका, गाडी जास्त पळेल, डिझेल वाचेल, पुढच्या अ‍ॅक्सलचं आहे तसं राहू द्या. ३९-८ ची नवी जोडी मागवली तर पंधरा दिवस आणि दुप्पट पैसे. तोडा तोंडावर आलाय. काय करावं?

भोरवाला
दादा, मी फक्त मागचं बदललं होतं. दोन वर्षं झाली, त्रास नाही. पण खरं सांगतो, माझी गाडी बाजारहाटाला असते, फोर बाय फोरचा दांडा मी हलवलेलाच नाही. तुमचं तसं नाही.

डेपोतले काका
जावळीकर, ती जोडी घेऊ नका. कारण नीट सांगतो, म्हणजे मिस्त्रींनाही सांगता येईल.

३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, चाकाच्या एका वेढ्याला शाफ्टचे इतके वेढे. यालाच रेशो म्हणायचं. ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७. तुमच्या गाडीत फोर बाय फोर लावलं की ट्रान्स्फर केस (पुढेमागे ताकद वाटणारी गियरची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं तिसरं डिफरन्शियल मध्ये नसतं. दोन्ही शाफ्ट सारखे फिरणार. मग मागची चाकं १०० मीटर गेली तेव्हा पुढची ८७-८८ मीटरच फिरली असतील. उरलेले बारा मीटर पुढची चाकं फरफटत जाणार. चिखलात घसरून जाईल असं वाटतं, पण चिखलाखाली दगड लागला, चाकाने पकड घेतली की तो सगळा पीळ ट्रान्स्फर केसच्या गियरवर, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. दांडा अडकून बसतो, निघत नाही. वर तुमचा माल चढाचा. रेशो कमी केला की ओढ कमी होणार आणि क्लच जळणार. सपाटीवर वाचलेलं डिझेल घाटात भरून द्यावं लागेल.

पुढचा रेशो आधी स्वतः मोजा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. बाकीच्या चाकांना उटी (अडसर) लावा, पुढचं एकच चाक जॅकवर घ्या, दोन्ही हब लॉक करा, दांडा टू व्हीलमध्ये. पुढच्या शाफ्टवर खडूची रेघ मारा. चाक हाताने बरोबर दोन वेढे फिरवा आणि शाफ्टचे वेढे मोजा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं म्हणून दोन वेढे घ्यायचे. शाफ्ट पाचाला थोडा कमी फिरला तर ४.८८.

दुसरं, आणि माझ्या मते हे जोडीच्या किमतीपेक्षा मोठं. मी ३१ वर्षं हेच काम केलं. सुरुवातीच्या काळात एकदा नवी जोडी जुन्याच शिमवर (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) बसवली, अंदाजाने नट आवळला. गाडी २०० किलोमीटरच्या आत रडायला लागली आणि जोडी वाया गेली. तेव्हापासून डायल गेजशिवाय (बारीक फट मोजायचं काट्याचं यंत्र) मी झाकण बंद केलेलं नाही. पिनियन किती खोल, पिनियनच्या बेअरिंगवर ताण किती आणि दातांमधला बॅकलॅश (मोकळी फट) किती, या तिन्ही गोष्टी मोजायच्या असतात. दातांना निळा रंग लावून क्राउन फिरवा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या टोकाशी आला तर पिनियन क्राउनपासून लांब राहिलाय, मागे शिम वाढवा. मुळाशी आला तर शिम काढा. शिम वाढवली की बॅकलॅश कमी होतो, मग क्राउन पुन्हा सरकवायचा. दोन-तीनदा सगळं खोलावं लागतं. जो मिस्त्री एका तासात करून देतो म्हणेल, त्याच्याकडे देऊ नका.

आणि बेअरिंगच्या कॅपा काढायच्या आधी डावी-उजवीला पंचने खूण करा. त्या अदलाबदल झाल्या तर काही जुळत नाही.

जावळीकर
काका, फार उपकार. एक राहिलं, ऑइल पांढरं का झालं? सील तर गेल्याच वर्षी बदललंय.

डेपोतले काका
अ‍ॅक्सलच्या नळीवर ब्रीदर असतो, आतली हवा ये-जा करायचं तोंड, बोटाच्या पेराएवढं. तो बघा. गाडी तापलेली असते, तुम्ही ओढ्यात घालता, आतली हवा एकदम थंड होऊन आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर बुजलेला असला तर चांगल्या सीलमधूनसुद्धा पाणी आत येतं. पाण्याने तेलाचा थर तुटतो आणि दात तिथून जातात. तुमची जोडी बहुतेक पाण्यानेच गेली. नव्या ब्रीदरला रबरी नळी जोडून चासीच्या वर नेऊन बांधा.

जावळीकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. पुढचा शाफ्ट मोजला, पाचाला एक अष्टमांश कमी. म्हणजे पुढे ४.८८ च. नवी ३९-८ मागवली, तेरा दिवसांनी आली. तोवर शेजारच्या टेम्पोतून क्रेट पाठवले.

काम सातारच्या एका खराड्याकडे दिलं, त्याच्याकडे डायल गेज होतं. पहिला ठसा टोकाशी आला. शिम वाढवली, दुसऱ्यांदा मधे आला, पण क्राउन घट्ट झाला. तिसऱ्यांदा बॅकलॅश ०.१८ मिलिमीटर. वडील दिवसभर तिथे स्टुलावर बसून होते.

ब्रीदर काढला तेव्हा त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं निघालं, सिमेंटसारखं टणक. नळी आता चासीवर बांधली आहे. काल पंधरा क्रेट घेऊन केळघर चढलो, आवाज नाही. नव्वद नंबरचं गियर ऑइल घातलंय, ५०० किलोमीटर झाले की बदलतो.