कार्बन शाफ्टच्या दोन लॉटमध्ये १४ ग्रेनचा फरक, बाण खाली आणि डावीकडे लागतायत : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप) कार्बन शाफ्ट, म्हणजे बाणाच्या पोकळ दांड्या, मी दोन वेळा मागवले. पहिला डझन गेल्या वर्षी, दुसरा या पावसाळ्याआधी. डब्यावरचा मजकूर तोच, शाफ्टवरची छपाई तीच. पण दुसरा डझन जड आहे, आणि थोडाथोडका नाही. दोन्ही मिळून चोवीस बाणांचा एक संच करायचा माझा बेत होता, तो अडकलाय. कंपनीचं आणि विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही. मला तक्रार करायची नाही, उपाय हवा आहे.

आधी सामान सांगतो. लाकडी रायझरचा (मधली मूठ) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, माझ्या खेचीला ४० पौंड. साइट (नेम धरायची खूण) नाही, स्टॅबिलायझर (तोल धरणारा दांडा) नाही, बाण शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या खाचेवरून, सुटतो. उजव्या हाताचा नेमबाज आहे. शाफ्ट २९ इंचांवर कापलेले, पुढे ॲल्युमिनियमचा इन्सर्ट (टोक बसवायची नळी) आणि १२५ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) पॉइंट, म्हणजे टोक, मागे ५ इंची तीन पिसं. पूर्ण बाण ३९० ग्रेनच्या आसपास भरतो.

वजनं कशी घेतली ते सविस्तर लिहितो, म्हणजे तिथे शंका राहणार नाही. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. कापडाचा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) तपासायचा ०.०१ ग्रॅमचा काटा तिथे आहे. पंखा बंद केला, ताटलीवर फोमचा तुकडा ठेवून काटा शून्य केला आणि कापलेला, काहीही न चिकटवलेला शाफ्ट त्यावर आडवा ठेवला, दोन्ही टोकं अधांतरी. पहिल्या डझनाची वजनंही बाण बांधायच्या आधी अशीच घेऊन वहीत लिहिलेली आहेत. पहिला लॉट १४.८ ते १५.० ग्रॅम, म्हणजे २२८ ते २३१ ग्रेन. दुसरा १५.६ ते १५.९ ग्रॅम, २४१ ते २४५ ग्रेन.

डब्यावर ‘अधिक-उणे २ ग्रेन’ असं छापलंय. नीट बघितलं तर दोन्ही डबे आपापला शब्द पाळतात! फरक डब्याच्या आत नाही, दोन डब्यांमध्ये आहे. विक्रेत्यानंही हेच सांगितलं, की हमी एका डझनापुरती असते.

ग्रेन आम्हा सुतातल्या माणसांना नवा नाही. काउंट, म्हणजे सुताचा बारीकपणा, काढताना १२० यार्डांची ली (लडी) ग्रेनमध्येच तोलतात, १००० ला त्या वजनानं भागायचं. ५० ग्रेन भरली तर २० नंबरचं सूत. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन, तोच ग्रेन बाणालाही. आणि एका चादरीत दोन लॉटचं सूत कोणी घालत नाही, काउंट एकच असला तरी. बाणांच्या बाबतीतही तसंच वागायचं का, एवढंच मला ठरवता येत नाहीये, कारण यात पैसे गुंतलेत आणि कापलेले शाफ्ट परत जात नाहीत.

आता प्रत्यक्ष काय होतंय ते. होटगी रोडच्या पुढे एका मित्राच्या शेतात सराव चालतो. सुताचं वेस्ट ठासून भरलेली पोती, त्यावर टार्गेटचा कागद. १५ मीटरवर दोन्ही लॉट एकत्रच बसतात. ३० मीटरवर नवे बाण पाच-सहा सेंटिमीटर खाली, आणि जवळपास तेवढेच डावीकडे. ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर एक रिंग ४ सेंटिमीटरची, म्हणजे दीड रिंग गेली.

खाली का, हे गणितानं पटतं. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर ३० मीटरला ०.६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १.७७ मीटर पडतो. पूर्ण बाणाचं वजन साडेतीन टक्के वाढलं की वेग दीडएक टक्का घटतो आणि पडणं तीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. झाले पाच सेंटिमीटर. १५ मीटरला हाच हिशोब सव्वा सेंटिमीटरवर येतो, तो माझ्या हाताच्या फरकातच लपतो.

डावीकडे का जातात, ते मात्र नुसत्या वजनानं सुटत नाही. माझा प्रश्न असा : नव्या बाणांना १२५ ऐवजी हलका पॉइंट लावून एकूण वजन जुन्यांइतकं आणलं तर चालेल का? कोणी असं करून बघितलंय का?

प्रतिसाद, पुण्याहून

पॉइंट हलका करू नका. वजन जुळेल आणि दिशा आणखी बिघडेल.

उजव्या हाताच्या नेमबाजाचा बाण डावीकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा तो धनुष्याला ताठ पडतोय. दोरी सुटली की बाण आधी वाकतो आणि मग रायझरला वळसा घालून जातो. ताठ बाण पुरेसा वाकत नाही, म्हणून वळसा न घालता रायझरपासून बाहेर, डावीकडे फेकला जातो. पुढचं वजन कमी केलं की बाण आणखी ताठ वागतो. उलट जड पॉइंट लावलात तर दिशा सुधारेल, पण बाण अजून खाली बसेल. पॉइंट बदलून तुम्हाला उंची मिळेल किंवा दिशा मिळेल, दोन्ही एकदम मिळणार नाहीत.

आधी स्पाइन मोजा. छापील ५०० वर विसंबू नका. कार्बन शाफ्टची पद्धत अशी : २८ इंचांवर दोन आधार, मधोमध १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन, आणि शाफ्ट किती झुकला ते मोजायचं. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर झुकला तर ५००. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. तुमचे शाफ्ट २९ इंचांचे आहेत, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच उरतो, त्यामुळे पिसं लावलेले बाणही मोजता येतील. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये डायल गेज असेलच. प्रत्येक शाफ्ट चार बाजूंनी फिरवून मोजा. मायक्रोमीटर मिळाला तर बाहेरचा व्यासही घ्या.

प्रतिसाद, नाशिकहून

कारखान्यात शाफ्ट कसा बनतो ते लक्षात घेतलं तर हा फरक समजतो. राळ मुरवलेलं कार्बनचं कापड पोलादी सळईभोवती गुंडाळतात, वरून टेप आवळतात, भट्टीत पक्कं करतात, सळई ओढून काढतात आणि बाहेरून घासून व्यास आणतात. कापडाचा रोल बदलला, राळेचं प्रमाण बदललं, घासणं कमी-जास्त झालं, की वजन हललं. वजनाप्रमाणे निवड होते ती त्या त्या वेळी बनलेल्या मालातून.

म्हणून जड शाफ्ट दोन प्रकारचा असू शकतो. भिंत जाड असेल तर तो जड आणि ताठ, दोन्ही असतो. राळ किंवा रंग जास्त असेल तर तो जड असतो पण ताठपणा तोच राहतो. पुण्याच्या दादांनी सांगितलेलं माप घेतलंत की तुमचा कुठला ते कळेल.

मी बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळून मोठा झालो, लाकडी बाणांत एका जुडीतही याच्या कितीतरी पट फरक यायचा. आम्ही ढीगभर बाणांतून तोलून, वाकवून निवडायचो. कार्बन घेतल्यावर लोक निवड सोडून देतात, ते मला पटत नाही. निवड कार्बनचीही करायला हवी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी लेथच्या बेडवर दोन व्ही-ब्लॉक मांडून दिले. ८८० ग्रॅमसाठी वाळूची पिशवी काट्यावर तोलून हुकाला अडकवली.

जुना लॉट १२.९ ते १३.१ मिलिमीटर झुकतो. त्यातला एकच बाण १३.४ दाखवतो, तो मी बाजूला काढलाय. नवा लॉट १२.० ते १२.३. इंचाच्या हजारांशात बोलायचं तर जुने ५१० च्या आसपास आणि नवे ४७५ ते ४८०. बाहेरचा व्यास जुन्यांचा ७.४६, नव्यांचा ७.५३ मिलिमीटर. भिंतच जाड आहे. वजन सहा टक्क्यांनी जास्त, ताठपणाही साधारण तेवढाच जास्त. डावीकडे का जातात त्याचं उत्तर मिळालं.

आता यावर करायचं काय? एक विचार मनात आलाय, जुन्या शाफ्टमध्ये नॉक (धनुष्याच्या दोरीत अडकणारी मागची खाच) काढून सुती दोरी घालायची. ७४ सेंटिमीटर दोरी ०.९ ग्रॅमची मिळाली की १४ ग्रेन भरले. आमच्याकडे दोरीला तोटा नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

माप छान घेतलंत, आता अंदाजानं बोलायची गरज उरली नाही.

दोरी नको. आतला व्यास सहा मिलिमीटरच्या वर आहे, सैल दोरी बाण सुटताना मागे गोळा होईल आणि टार्गेटला लागताना पुढे धावेल. वजन हललेला बाण दोन वेळा सारखा जात नाही.

जुने बाण हलके आणि मऊ आहेत, म्हणजे त्यांना वजनही हवंय आणि ताठपणाही. या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या देणारी जागा एकच, बाणाची शेपूट. मागच्या टोकाला वजन वाढलं की बाण किंचित ताठ वागतो. पिसं काढून खाली विनाइलचा रॅप, म्हणजे शाफ्टभोवती चिकटायची पातळ पट्टी, लावा, वर पिसं परत चिकटवा. रॅपचे आठ-दहा ग्रेन मिळतील. तोल थोडा मागे सरकेल, पण तुमच्या १२५ च्या पॉइंटला ते पेलेल. मग धनुष्य नव्या लॉटला ट्यून करा. शेल्फच्या बाजूची पट्टी थोडी पातळ करा, बिनपिसाचा बाण १५-१८ मीटरवरून मारून बघा. बिनपिसाचा आणि पिसांचा बाण जवळ बसायला लागले की थांबा.

तरी माझं स्पष्ट मत, एवढं करूनही स्पर्धेला एकाच लॉटचे बाण न्या. जुने आणि नवे नॉकच्या रंगानं वेगळे ठेवलेत तर सरावाला सोयीचं पडेल, मात्र स्पर्धेत एका फेरीतले बाण नॉक आणि पिसांसकट एकसारखेच लागतात.

प्रतिसाद, अकलूजहून

दोन गोष्टी. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बाण ठेवू नका, हॉट-मेल्टनं बसवलेले इन्सर्ट ढिले पडतात. माझ्या एका बाणाचा पॉइंट इन्सर्टसकट पोत्यातच राहिला होता. आणि पिसं खरवडताना पातं शाफ्टमध्ये घुसू देऊ नका. नंतर प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून कानाजवळ धरा. करकर आवाज आला तर तो बाण मोडीत काढा, ४० पौंडांच्या दोरीवर चिरलेला कार्बन हातात घुसतो.

धागाकर्ता

दादा, दोरीचा विचार सोडला. रॅप मागवतोय. सहा जुन्या बाणांवर आधी करतो, बाकीचे तसेच ठेवतो, म्हणजे शेजारी शेजारी मारून फरक बघता येईल. अकलूजच्या भाऊंचं वाकवून बघायचं आजच करून घेतलं, सगळे बाण ठीक आहेत.

शेवटची एक विनंती. सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागात कोणाकडे ६.२ मिलिमीटर आतल्या व्यासाचे ५०० स्पाइनचे शाफ्ट असतील आणि २९ इंचांवर कापलेल्या नुसत्या शाफ्टचं वजन २४१ ते २४५ ग्रेनमध्ये येत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडचे २२८ ते २३१ चे सहा बाण बदल्यात द्यायला तयार आहे. ज्याच्या धनुष्याला थोडा मऊ बाण हवा असेल त्याला ते नीट बसतील. काटा आणि स्पाइनचं माप दोन्ही माझ्याकडे आहे, समोरासमोर मोजूनच देवघेव करू.