‘मला ओळखलं नाहीस का?’ : हा माज पैशाचा, की खिडकीमागच्या व्यवस्थेचा?
(पाच जणांची चर्चा, टोपणनावांनी)

सातरस्ता
दवाखान्यातली केसपेपरची खिडकी, गड्ड्याच्या यात्रेतलं पार्किंग, पंढरीची दर्शनरांग. आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक वाक्य सगळीकडे कानावर पडतं: ‘मला ओळखलं नाहीस का?’ माझं मत स्पष्ट आहे. प्रतिष्ठा वाढली की रांग दुसऱ्यांसाठी असते, असं माणसाला मनापासून वाटू लागतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी सान फ्रान्सिस्को परिसरातल्या चौकात २७४ गाड्या पाहिल्या आणि गाडी किती भारी यावरून त्यांना १ ते ५ असा दर्जा लावला. २०१२ साली ते निष्कर्ष छापून आले. सगळ्यात वरच्या गटातल्या साधारण ३० टक्के गाड्यांनी दुसऱ्याची पाळी मोडून गाडी आडवी घातली होती.

नवीपेठ
मला हे पटत नाही. त्या अभ्यासात निरीक्षकाला गाडी दिसत होती, आणि महागडी गाडी दिसली की नजर आधीच दोष शोधायला लागते. शिवाय २०१५ साली कॉर्नडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी जर्मनी, अमेरिका वगैरे देशांतल्या मोठ्या नमुन्यांवर हाच प्रश्न तपासला. त्यांना उलटं चित्र दिसलं: वरच्या थरातली माणसं दान आणि मदत जास्त करत होती.

पैसा आणि माज वेगवेगळे मोजावे लागतात. त्यासाठी २००४ सालची कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांची, ‘मला इतरांपेक्षा जास्त मिळायलाच हवं’ ही भावना मोजणारी, नऊ विधानांची मोजपट्टी आहे. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण, एकूण ९ ते ६३. ‘मला खास वागणूक मिळायलाच हवी असं नाही’ या अर्थाचं एक विधान मुद्दाम उलटं ठेवलंय. त्याचे गुण ८ मधून वजा करून धरायचे; हे विसरलं की नम्र माणसाचे माजाचे गुण विनाकारण वाढतात. एका विधानात तर टायटॅनिकवर असतो तर पहिल्या नावेत जागा मलाच मिळायला हवी, असं आहे. या नऊपैकी एकही विधान उत्पन्न विचारत नाही.

विडीघरकुल
ती मोजपट्टी मराठीत आणताना मोठी फसगत होते. आपल्याकडे रास्त मागणी आणि माज, दोन्हींना ‘हक्क’ हा एकच शब्द लागतो. हजार विड्यांमागची ठरलेली मजुरी आणि पीएफ मागणारी बाईही ‘माझा हक्क आहे’ म्हणते, आणि रांग तोडणाराही तेच म्हणतो. भाषांतर ढिलं झालं तर तिचे गुण विनाकारण वाढतात, आणि मग ‘हल्ली कामगारांनाच माज आलाय’ असं म्हणायला आयतं कोलीत मिळतं.

फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. मागतोय ते कुठे लिहिलेलं आहे का? तेच दुसऱ्याने मागितलं तर मी देईन का? मला मिळाल्याने कुणाची पाळी मागे जाते का?

नवीपेठ
मान्य. पण अन्याय सोसलेला माणूस या भावनेतून सुटतो असं समजू नका. झिटेक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगांत, स्वतःवर झालेला अन्याय आठवायला लावलेल्या लोकांनी मदत कमी केली. ‘मी आधीच सोसलंय, आता मला सूट हवी’ हाही माजाचाच एक रस्ता आहे. म्हणून सगळं खापर श्रीमंतावर फोडू नका.

चंद्रभागा
तुम्ही सगळेच मनाच्या आत शोधताय. पंढरपूरकडे बघा. विठ्ठलाच्या दारात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. तिथल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं जानेवारी २०१४ मध्ये. मधली चाळीस वर्षं कुणाचा स्वभाव बदलायची वाट पाहण्यात गेली नाहीत, कोर्टात गेली. हक्काची भावना व्यवस्थेने दिलेली असते. व्यवस्था हलली की ती हलते.

होटगीरोड
म्हणजे सगळा मानच काढून टाकायचा का? सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्याच यात्रेत मानाचे सात नंदीध्वज असतात, त्यांचा क्रम ठरलेला आहे. त्यावर कुणी चिडत नाही, कारण तिथे मान खांद्यावर पेलावा लागतो: आधी सराव, मग ती जड काठी घेऊन ६८ शिवलिंगांची वाट. हेनरिक आणि गिल-व्हाइट यांनी २००१ मध्ये हाच फरक मांडला. कसबामुळे लोक आपणहून देतात ती प्रतिष्ठा वेगळी, आणि धाकाने उकळलेला वरचढपणा वेगळा. दोन्ही एका मापाने तोलू नका.

सातरस्ता
होटगीरोड, तुमचा मुद्दा घेतला. पिफच्या आकड्यांवर मी जरा जास्तच भिस्त ठेवली, हेही मान्य. पण खिडकीवर बसलेल्या माणसाचं काय? उदाहरणादाखल दर दहा टोकनांत सात सर्वसाधारण, दोन गरोदर, वृद्ध व अपंगांसाठी, एक तातडीचं, अशी वाटणी फलकावर लिहिलेली हवी. सूट कुणाला, हे शिपायाच्या मर्जीवर राहिलं की बाजूचं दार उघडतं आणि ओळख हेच टोकन होतं.

आणि नकार देताना ‘रांगेत या’ असं मोठ्याने म्हणू नये. चारचौघांत पत गेली की माणूस कामासाठी भांडायचं सोडून पत राखायला भांडतो. हळू आवाजात आकडा सांगावा: ‘तुमचा ४२, आता ३१ चालू आहे, चाळीसेक मिनिटं लागतील.’

चंद्रभागा
आकडा सांगून तो थांबेल, पण त्याच्यासाठी वरून फोन आला तर? बड्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, तरी नंबरप्लेटशेजारी पदनामाच्या पाट्या झळकतातच. मी म्हणेन, फोन करणाऱ्याचं नाव त्याच टोकनवहीत, वेळेसकट, सगळ्यांना दिसेल असं लिहा.

होटगीरोड
लिहील कोण? त्या कारकुनाची बदली त्याच फोनवाल्याच्या हातात असते. वही ठेवायची तर ती रांगेतल्या माणसांच्या हातात ठेवा.